फुल तिकीटवाले कापगते काका

एसटीत हाफ तिकिटासाठी कंडक्टरशी भांडणारी माणसं पैशाला पासरी सापडतील. फुल तिकिटासाठी भांडणारा माणूस मात्र उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो.

मनिराम कापगते त्यांचं नाव. वय एकाहत्तर, म्हणजे सरकारी नियमाने एसटीत अर्धं तिकीट. कंडक्टर पांढरे केस पाहतो, मशीनचं बटन दाबतो, हाफ तिकीट फाडून पुढे करतो, आणि तिथून त्या बसचं टाइमटेबल बिघडतं.

"हाफ काऊन देऊन राह्यला? मी सीटवर पुरा बसलो ना?"

"काका, सीनियर सिटिझनले सवलत आहे."

"बाकीचे अर्धे कोन भरून राह्यला?"

"सरकार."

"सरकारच्या बापाची राइस मिल आहे का?" मग काका दांडीला लोंबकळणाऱ्या एखाद्या गृहस्थाकडे बोट करतात. "हे मास्तर भरून राह्यले. मी बसून राह्यलो, अन् हे उभे राहून माहे पैसे भरून राह्यले. काय जी मास्तर, मंजूर आहे का तुमाले?"

मास्तर दचकून खिसा चाचपतात. कंडक्टर म्हणतो, "काका, टाइम खोटी मत करो." एकदा तर आमगावच्या स्टँडवर ड्रायव्हर स्वतः खाली उतरून मागच्या दाराने आत आला आणि कंडक्टरला म्हणाला, "दे दे ना भाऊ फुल, अपने बाप का क्या जाता है!" त्या बसमध्ये मी होते. खिडकीकडे तोंड करून, पदर कपाळापर्यंत ओढून, या माणसाशी आपला काडीचा संबंध नाही असं दाखवत बसले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "पुष्पाबाई! तुम्ही बी हाफमंदी?"

बायकांना अर्धं तिकीट असतं, तर मी काय करू? घरी आल्यावर मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, "सरकार देते, मी घेते. तुमचं काय जाते हो?"

"तेच त सांगून राह्यलो, बाई. माहंच जाते."

आता बोला.

माझं दुकान फुलचूरला मेन रोडवर आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, सगळे ऑनलाइन फॉर्म. वरच्या खोलीच्या जिन्यावर एक पाटी आहे : 'मुक्त विनिमय विचार केंद्र, फुलचूर'. खाली बारीक अक्षरात, 'अध्यक्ष, संचालक व मुख्य संशोधक : म. कापगते'. शिपायाचं नाव पाटीवर नाही, पण खोली तेच झाडतात. एक टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची, पलंग, स्टोव्ह आणि छतापर्यंत कागद. या केंद्राचं म्हणणं एवढंच की सरकारने लोकांच्या मधे मधे करू नये. ज्याला विकायचं त्याने विकावं, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं, आणि जगात फुकट काही नसतं हे प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं.

काका स्वतःबद्दल 'मी' म्हणत नाहीत. "या प्रश्नावर केंद्राची भूमिका अशी आहे" हे एक वेळ ठीक. पण "केंद्राले आज सर्दी आहे", "केंद्र आंघोळीले गेलं होतं", "केंद्राले वांग्याची भाजी पचत नाही" हेही आम्ही ऐकलेलं आहे. त्यामुळे सगळं फुलचूर त्यांना केंद्रच म्हणतं. ऑटोवाला बाजारातून फोन करतो, "भाभी, केंद्र को लेके आ रहा हूँ." मीही तोंडावर तेच म्हणायचे, "केंद्र, चहा घेता का?" आणि केंद्र चहा घ्यायचं. पैसे ठेवूनच घ्यायचं. नाही म्हटलं तर कप उपडा घालायचं.

आता गंमत अशी की हा माणूस तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत होता. पाटबंधारे खात्यात कारकून. पेन्शनवर जगतो. मी हे तोंडावर काढलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बाई, स्वयंपाक कसा होते ते चुलीपाशी बसलेल्यालेच माहीत राह्यते." त्यांच्या टेबलावरचा पंखा बंद पडला होता म्हणे. नवीन पंख्याची फाइल निघाली आणि ती परत येईपर्यंत तीन साहेब रिटायर झाले. पंखा आला तेव्हा थंडी होती. त्याच उन्हाळ्यात गोंदिया स्टेशनवरच्या रद्दीत त्यांना खुल्या बाजारावरची एक इंग्रजी पुस्तिका सापडली, आणि घामाघूम अवस्थेत वाचलेली ती पुस्तिका थेट डोक्यात गेली. ती अजून बाहेर आलेली नाही.

एकदा कुठल्याशा योजनेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. माझ्या दुकानापुढे बायकांची रांग, पार रस्त्यापर्यंत. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. आणि हे महाशय जिन्यावर उभे राहून मोठ्याने मला सल्ला देतात, "पुष्पाबाई, लाइन एवढी लंबी आहे म्हनजे तुमचा भाव कमी आहे. भाव वाढवा, लाइन आपोआप कमी होते!"

बायकांनी वर पाहिलं. दोघींनी चपला काढल्या. केंद्र आत गेलं.

अर्ध्या तासाने ते मागच्या बाजूने खाली आले, पाण्याचा कॅन आणि दोन ग्लास घेऊन. कॅनवर पुठ्ठा लावलेला, 'थंड पाणी : एक रुपया ग्लास'. एक म्हातारी पाणी प्यायली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ काही सुटेना. काकांनी ग्लास परत घेतला. मग म्हणाले, "राहू द्या मावशी. आत्ता भाव पडला. मार्केट डाऊन आहे." त्या दिवशी मार्केट संध्याकाळपर्यंत डाऊनच राहिलं. मी काऊंटरवरून सगळं पाहत होते. बोलले असते तर केंद्राच्या भूमिकेवर भाषण ऐकावं लागलं असतं.

आणि काका नेहमीच वेड्यासारखं बोलतात असंही नाही बरं का. धान विकायला ट्रॅक्टर घेऊन माझा भाऊ तीन-तीन दिवस रांगेत झोपायचा, तेव्हा काकांनी पेपरात पत्र लिहिलं होतं की बाबांनो, शेतकऱ्याला जिथे जास्त भाव मिळेल तिथे निवांत विकू द्या की. भावाने ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. पण औषध चांगलं म्हणून कोणी सकाळ-दुपार-संध्याकाळ भाताबरोबर खात नाही. काका खातात. शाळा, दवाखाना, रस्त्यावरचे दिवे, गणपतीची वर्गणी, सगळ्याला एकच औषध. लग्नात पंगतीला बसले तरी बाजूच्याला विचारतील, "हे कोन भरून राह्यला?" वधुपिता तिथेच वाढत असतो.

केंद्राचे सगळे शोधनिबंध माझ्याच बोटांखालून गेलेत. मुंबईला, नागपूरला, दिल्लीला, मंत्र्यांना, सचिवांना, संपादकांना. पंधरा-वीस वर्षांत उत्तर आलं ते एक. 'आपले पत्र प्राप्त झाले.' एवढंच. त्याचं लॅमिनेशन मीच करून दिलं, ते टेबलावरच्या भिंतीवर आहे.

यातलाच एक निबंध होता, 'गावतलावाच्या पाण्याचा खुला लिलाव : एक नमुना'. काका जातीने कोहळी. आमच्याकडे जुने तलाव दिसले की लोक म्हणतात, कोहळ्यांनी बांधले असतील. देवरीच्या रस्त्याला त्यांचं गाव आहे, मोहबोडी. तिथला मोठा तलाव त्यांच्या खापरपणजोबांच्या पिढीने खोदलेला. नमुना म्हणून काकांनी तोच तलाव घेतला होता. म्हणणं असं की तलावाचं पाणी वर्षाला लिलावात काढा, जो जास्त बोली लावेल तो पाणी घेईल, गावाला पैसा मिळेल. सोबत खर्चाचा तक्ता होता. एकेका आकड्यासाठी त्यांनी मला आठ-आठ दिवस थांबवलं. माशाचं बी, पाण्याच्या दाराची दुरुस्ती, राखणदार. शेवटची ओळ पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची. मी विचारलं, "केंद्र, पाळीची देखभाल? तिथे काय टाकू?"

"शून्य टाका," ते लगेच म्हणाले. मी टाकलं. पान सात. त्या दिवशी दोनदा लाइट गेली होती, माझं डोकं फिरलं होतं, मी पुढे काही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. दरवर्षी मृगाच्या आधी, उन्हाळा संपता संपता, तीन-चार दिवस जिन्यावर कागद लागायचा : 'केंद्र संशोधनासाठी बाहेरगावी आहे.' परत यायचे तेव्हा कंबर वाकलेली, नाक सोललेलं, तळहातांना फोड. मी विचारायचे, "हे कसलं संशोधन?" ते म्हणायचे, "फील्ड वर्क," आणि बामची बाटली घेऊन वर जायचे. लेखणी धरून फोड कसे येतात, हे काही मला समजत नव्हतं.

गेल्या वर्षी काय झालं कोण जाणे, दिल्लीतल्या एका मोठ्या विचारसंस्थेच्या कोणाच्या तरी हाती काकांचा तलावाचा निबंध लागला. त्यांच्या जाडजूड इंग्रजी अहवालात तो आला. अहवालावरून एका पेपरात अग्रलेख आला, त्यात लिहिलं होतं, 'तज्ज्ञांच्या मते'. अग्रलेखावरून टीव्हीवर चर्चा झाली, सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडत होती, आणि खाली पट्टी चालली होती, 'सर्वत्र चर्चा'. मग कुठलीशी समिती बसली आणि म्हणाली की ज्या अर्थी सर्वत्र चर्चा आहे, त्या अर्थी एखाद्या गावात प्रयोग करून पाहायला हरकत नाही. एवढा मोठा डोलारा, आणि मुळात काय, तर फुलचूरची एक प्लास्टिकची खुर्ची. तेव्हापासून पेपरात 'तज्ज्ञांच्या मते' वाचलं की मला स्टोव्हवर उतू गेलेला चहा आठवतो.

प्रयोगासाठी गाव कोणतं? निबंधात नाव होतं ते. मोहबोडी.

दिल्लीहून नंदिता मॅडम आल्या. सुती कुर्ता, पाठीवर बॅग, माणूस साधा. काकांच्या खोलीत पलंगावर बसल्या, खुर्ची काकांना दिली. हिंदीत म्हणाल्या, "कापगतेजी, हम सब किताबों से लिखते हैं. आपने तो ज़मीन से लिखा है." ग्रामसभेने होकार दिला तर त्यांची संस्था विदर्भाचं ऑफिस काढणार होती, इथेच, गोंदियाला. संचालक म्हणून काका. पाटी पितळेची.

मॅडम गेल्यावर काका खाली आले. माझ्या काऊंटरपाशी उगीच स्टेपलर उघडझाप करत उभे राहिले.

"पुष्पाबाई, वीस वर्षं ओरडून राह्यलो. आज पह्यल्यांदा कोनी ऐकून राह्यलं."

मी म्हटलं, "चला केंद्र, आता तरी पंखा मिळेल." आम्ही दोघं खूप हसलो.

ग्रामसभा मे महिन्याच्या शेवटी होती. काका त्याच्या आठ दिवस आधी सवयीप्रमाणे 'संशोधनाला' जाऊन आले होते, फोड घेऊन. निबंधाच्या शंभर प्रती मी काढल्या होत्या, त्या घेऊन मलाही बरोबर चला म्हणाले. प्रवासखर्च देऊ म्हणाले, फुल तिकिटाचा. जाताना कंडक्टरशी रीतसर भांडण झालं. नवा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेन. मी मनात म्हटलं, या माणसाचं आज एकदा भलं होऊ दे रे देवा.

तलावाच्या काठी समाजमंदिरात सभा भरली. मोहाच्या झाडाखालीही माणसं बसली होती. सरपंचबाईंनी प्रास्ताविक केलं. नंदिता मॅडम हिंदीत नीट, शांतपणे बोलल्या. मग काका उठले आणि काय बोलले म्हणता! पाण्याची किंमत, उधळपट्टी, गावाच्या हाती येणारा पैसा. लोक माना डोलवत होते. पुढच्या रांगेतल्यांना तर लिलाव उद्याच हवा होता. ते तलावाजवळच्या मोठ्या जमिनीचे मालक, बोली लावायला तेच पुढे असणार. मागे बसलेल्यांच्या माना मात्र हलत नव्हत्या. त्यांच्या बांधी, म्हणजे धानाची खाचरं, तलावापासून सगळ्यात लांब. बोलीत पाणी निघालं तर ते त्यांच्यापर्यंत पोचणार कसं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

टाळ्या थांबल्यावर एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. सुकरू मडावी. गावाचा पाणकर, म्हणजे कोणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं ते ठरवणारा माणूस. काकांच्याच वयाचा.

"माले एकच इचारायचं आहे," तो म्हणाला. "पाळ कोन बांधल?"

तलाव म्हणजे शेवटी मातीची पाळच. दर पावसाळ्यात ती खचते, दर उन्हाळ्यात माती टाकून ती उभी करावी लागते. नाही केली तर ना तलाव, ना पाणी, ना लिलाव.

नंदिता मॅडमनी तत्परतेने प्रत उघडली. "पेज सात. पाल की देखभाल का खर्चा... शून्य." त्यांनी प्रत सुकरूसमोर धरली. "ये कापगतेजी का ही आँकड़ा है. हमारा पूरा हिसाब इसी पर है."

"शून्य?" सुकरू म्हणाला. तो चिडला नाही. काठी टेकत पुढे आला, काकांच्या समोर उभा राहिला. "मनिराम, हात दाखव."

काका जागचे हलले नाहीत. सुकरूने स्वतःच त्यांचा हात धरला आणि उलटा केला. तळव्यावरचे फोड अजून सुकले नव्हते.

"हे शून्य का?"

काकांनी मूठ मिटून घेतली.

सुकरू मग सगळ्यांना सांगू लागला, पण बहुतेक मॅडमना आणि मला, कारण बाकीच्यांना माहीतच होतं. मृगाच्या आधी तीन दिवस गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस पाळीवर येतो. सकाळी पाणकर घरं पुकारतो. ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, त्याचं घर पहिलं. पाणीही मग त्याच क्रमाने सुटतं, लांबच्याला आधी. जे घर येत नाही, त्याचा नंबर जातो.

"हे मनिराम," सुकरू म्हणाला, "याच्या बांधी नाही. बांधी त यानं नोकरी लागली तवा भावाले देऊन टाकल्या. फुकट."

फुकट म्हटल्यावर सगळी सभा हसली. काकाही कसनुसे हसले.

"याले पानी नाही, धान नाही. तरी चाळीस वर्षं येऊन राह्यला, मातीच्या पाट्या उचलून राह्यला. मी कधी इचारलं नाही. आज इचारतो. काऊन येते रे तू?"

काकांनी माइक बाजूला ठेवला.

"तू माहं घर पुकारते ना," ते म्हणाले. "घरवाली गेली. पोरगा हैदराबादले. तिकडं फुलचूरले मले नावानं हाक मारनारं कोनी नाही, सगळे केंद्र म्हनते. वर्षातून तीन दिवस तू 'कापगत्याचं घर' म्हनून आवाज देते, अन् मी 'हाव' म्हनतो. मंग वाटते का आहे बा आपलं घर. म्हनून येतो."

मी मांडीवरच्या प्रतींच्या कडा सारख्या करत बसले. रोज दहादा जिन्याकडे तोंड करून 'केंद्र, केंद्र' म्हणणारी मीच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी माइक परत घेतला. "केंद्राची भूमिका..." म्हणाले आणि थांबले. "नाही. केंद्र नाही, मी चुकलो. फुकट काही नसते असं जगाले सांगत फिरलो, अन् इथं सोताच्या हातानं शून्य लिवून बसलो. हे तीन दिवस मले कधी खर्च वाटलेच नाही. ध्यानातच आलं नाही. पेपर चुकला. मी तो मागं घेतो."

"कापगतेजी," नंदिता मॅडम हळूच म्हणाल्या, "रिपोर्ट तो छप गई है."

"त खाली लिहा. कापगते झूठा आहे म्हनून लिहा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या सुकरूला म्हणाल्या, "दादा, पाल दिखाएँगे मुझे?" आणि सुकरू त्यांना घेऊन गेला. ताजी माती पडलेली ती लांबच लांब पाळ आम्हाला समाजमंदिरातून दिसत होती. लिलाव नको असेल त्यांनी हात वर करा, असं सरपंचबाईंनी सांगितलं. आधी मागचे, मग मधले, शेवटी पुढच्या रांगेतलेही तीन-चार हात वर गेले. गावाने लिलावाला नाही म्हटलं.

परतीच्या बसला काका खिडकीपाशी बसले. मी शेजारी, उरलेल्या प्रती मांडीवर घेऊन. पितळेची पाटी गेली, ऑफिस गेलं, वीस वर्षांनी ऐकणारं कोणी भेटलं होतं तेही गेलं. नव्या शर्टावर घामाचे डाग पडले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सध्या रद्दीला भाव आहे म्हणतात." ते हसले नाहीत.

कंडक्टर आला. सकाळचाच होता, काकांना पाहून त्याचा चेहरा पडला. तरी नोकरी आहे, मशीनचं बटन दाबलं. एक हाफ सीनियर सिटिझन, एक हाफ महिला. काकांनी मुकाट्याने पैसे दिले, मुकाट्याने तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी वाट पाहिली. आता म्हणतील, मग म्हणतील. कंडक्टरही दोन पावलं जाऊन थांबला, वळून पाहू लागला. काका खिडकीबाहेरच पाहत होते. मला ते सहनच होईना. या माणसाने मला भर बसमध्ये किती वेळा लाजवलं होतं, आणि आता तो गप्प बसला तर मीच त्याच्या हातातली तिकिटं काढून घेतली.

"ओ कंडक्टर!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पुढच्या सीटवरचं लेकरू जागं झालं. "हे हाफ काऊन दिलं?"

"बाई, ते सीनियर..."

"सीनियर आहेत, पण सीटवर पुरे बसले ना? आणि मी काय अर्धी बसले? हे परत घ्या. दोन फुल द्या."

सगळी बस माझ्याकडे पाहायला लागली. कंडक्टरने कपाळावर हात मारला. "लो, अब ये भी शुरू हो गई!"

"टाइम खोटी मत करो," मी म्हणाले आणि पैसे पुढे केले. त्याने दोन फुल फाडून दिली.

काका सावकाश माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते, पण भुवया नेहमीसारख्या वर गेल्या.

"पुष्पाबाई, दोघाईचे कोन भरून राह्यला?"

"मी भरून राह्यली," मी म्हटलं, "मनिराम काका."

त्यांनी दोन्ही तिकिटं माझ्या हातून घेतली, उजेडाकडे धरून नीट वाचली, घडी घालून पेनांच्या खिशात ठेवली. मग पाठ सरळ करून बसले.

"हाव," ते म्हणाले.